फटाके नेमके कुठे वाजतात? (गाडीचा श्वास : भाग 9)

कार्ब्युरेटरमधल्या निडलच्या क्लिपचं आज होणार नाही. मागच्या आठवड्यात शब्द दिला होता, ठाऊक आहे. वहीत आकृत्याही काढून झाल्या होत्या. पण मंगळवारी एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न क्लिपच्या आधीचा निघाला. आधीचं सोडून पुढचं केलं की काय होतं, हे या लेखमालेत आपण दोनदा पाहिलंय.

पत्र नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या मुलाचं आहे. गाडी 2014 ची क्लासिक 350, कार्ब्युरेटरवाली. दिवाळीच्या बोनसमधून हौस केली. एअर बॉक्स काढून शंकूच्या आकाराचा फिल्टर, मूळ सायलेन्सर काढून वीतभर लांबीचा सायलेन्सर, आणि त्याला जुळेल असा नवा बेंड पाइप. आता वर्धा रोडवर चिंचभवनचा पूल उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की मागून धाडधाड फटाके. ‘मित्र म्हणतात पॉवर वाढली. मला तर पिकअप गेल्यासारखा वाटतो. मेन जेट कितीचा टाकू? तीन वेगवेगळे आणून ठेवलेत.’

तीन जेट आणलेत हे वाचून मला माझी पंचविशी आठवली. तेव्हा सक्करदऱ्याला माझा एक मिस्त्री होता. शिक्षण सातवी, कान मात्र असा की रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा टॅपेट किती ढिला आहे हे तो चहा पिता पिता सांगायचा. मी असाच मूठभर जेट घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. त्यानं ते हातात घेतले, मोजले आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत टाकले. म्हणाला, ‘जेटाच्या मांगं काहून लागला बे? आंधी हवा कोठून येऊन रायली ते पाय.’

आजचा सगळा भाग त्या एका वाक्यावरच आहे.

अॅक्सिलरेटर सोडला की मेन जेट जवळजवळ झोपलेला असतो. त्याचं राज्य मूठ पाऊण पिळल्यावर सुरू होतं. बंद मुठीत इंजिनाला पेट्रोल मिळतं ते पायलट जेटच्या केसासारख्या भोकातून आणि मिक्सचर स्क्रूच्या टोकापाशी उरलेल्या फटीतून. पूल उतरताना गाडीचं चाक इंजिनाला फिरवत असतं, वरून हवेचा दरवाजा लावलेला. सिलिंडरमध्ये मोठा व्हॅक्यूम तयार होतो, आत थोडंच मिश्रण जातं आणि त्यात आधीच्या फेरीचा जळका वायूही उरलेला असतो. मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सर असताना कंपनीनं हे सगळं जेमतेम पेटेल असंच ठेवलेलं असतं. प्रदूषणाच्या नियमांमुळे त्यात हात सैल सोडायला वाव नसतो. आता एअर बॉक्स गेला. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली ओढ कमी झाली, त्याच भोकातून पेट्रोल कमी वर येऊ लागलं आणि मिश्रण आणखी पातळ झालं. गॅसच्या शेगडीत हवा जास्त झाली की ज्योत बर्नरवरून उडते आणि भकभकते, तसंच. स्पार्क पडतो, पण मिश्रण पेटत नाही. ते न जळताच बेंड पाइपमध्ये निघून जातं. अशा दोन-तीन फेऱ्या वाया जातात आणि मग एखादी पेटते. तिची ज्वाळा बाहेर येते तेव्हा पाइपात आधीचं सगळं मिश्रण वाट पाहत असतं.

म्हणजे फटाका इंजिनात वाजत नाही, पाइपात वाजतो. जे पेट्रोल पिस्टनला ढकलायला हवं होतं, ते सायलेन्सरची जाळी ढकलतं. मित्रांनी म्हटलेली ती पॉवर ही अशी.

पण नुसतं न जळलेलं मिश्रण पाइपात इतकं जोरात वाजत नाही. त्याला ताजी हवा लागते. ती येते कुठून?

इथे लोक मला अडवतात. पाइपातून वायू बाहेर येत असतो, मग भोकातून हवा आत कशी जाईल, असं विचारतात. वायू सलग येत नाही, ठोक्याठोक्यानं येतो. एक ठोका पुढे गेला की त्याच्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. पॅकिंगमध्ये सुईएवढी फट असली तरी त्या क्षणी पाइप बाहेरची हवा ओढून घेतो. कंपन्या हाच गुण मुद्दाम वापरतात. अनेक गाड्यांना हेडजवळ एक काळी डबी आणि रबरी नळी असते, तिच्यात पेटीच्या सुरासारखी पातळ पोलादी पट्टी असते. दाब खाली गेला की पट्टी उघडते, हवा आत येते आणि उरलंसुरलं पेट्रोल पाइपातच जळून जातं. पंप नाही, मोटर नाही, सगळं श्वासावर चालतं. बाजारात या नळीला ‘ईजीआर’ म्हणतात. ते नाव चुकीचं आहे, कारण ईजीआर जळका वायू परत इंजिनात नेतो आणि ही नळी बाहेरची ताजी हवा पाइपात आणते. पण दुकानात जाऊन हे समजावत बसू नका. बेंड पाइप ‘ईजीआरवाला’ की ‘बिना ईजीआर’ एवढंच सांगा. मी एकदा समजावायला गेलो होतो, दुकानदारानं शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

तर त्या मुलाला रविवारी सकाळी सातला मिहानमध्ये बोलावलं. खापरीच्या मेट्रो स्टेशनवरून आत वळलं की रुंद रस्ते, मधे दुभाजक आणि सुटीच्या दिवशी चिटपाखरू नाही. डावी-उजवीकडे काचेच्या इमारती, मधेच अजून कोणाची तरी तुरीची पट्टी, लांब विमानदुरुस्तीचे हँगर. मी तिथे कसोट्या घेतो त्या तीस-चाळीसच्या वेगानं; पोरं रात्री जे करतात त्याच्याशी माझा संबंध नाही. थंडी कडाक्याची होती, हातमोज्यांतूनही बोटं बधिर.

गाडी गार होती हे बरं झालं. ही परीक्षा गार गाडीवरच होते. जुना टॉवेल भिजवून चार घड्या केल्या, गाडी सुरू केली आणि सायलेन्सरचं तोंड टॉवेलनं तीन-चार सेकंद अर्धवट दाबलं. पाइप तापायच्या आत हे उरकायचं, नाहीतर हात भाजतो. मुलाला म्हटलं, खाली वाकून कान लाव. तो वाकला आणि लगेच म्हणाला, ‘काका, इथून फुस्स-फुस्स येतंय.’ हेडच्या पॅकिंगपाशी नव्हतं. बेंड पाइपच्या आतल्या बाजूला, जिथे ती ‘ईजीआर’ची नळी बसायची तिथे. पाइप ईजीआरवाला घेतला होता, नळी मात्र लावलीच नव्हती. भोकात एक आखूड बोल्ट फिरवलेला आणि वरून पुट्टी, घरात पाण्याची टाकी गळली की लावतात ती. ती पुट्टी शंभर-दीडशे अंशांची. तिथला लोखंडी पाइप त्याच्या कितीतरी पुढे जातो. तडा जाऊन तिचा पापडासारखा तुकडा माझ्या तळहातावर पडला. मागे पांढरी, पुढे कोळशासारखी काळी. साबणाचं पाणी शिंपडलं तर प्रत्येक ठोक्याला फुगा यायचा आणि लगेच आत ओढला जायचा. माझं सगळं सांगणं त्या फुग्यानं एका क्षणात समजावलं.

डबी आणि नळी घरी होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसवली, बेंड पाइपच्या फ्लँजला नवं पॅकिंग टाकलं आणि दोन्ही नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. एकच नट पूर्ण आवळला की फ्लँज तिरकी होते आणि नवं पॅकिंग पहिल्याच दिवशी वाया जातं. फटाके निम्म्याहून खाली आले. जेटला हात लागलेला नव्हता.

उरलेले फटाके पातळ मिश्रणाचे होते. ते स्क्रूचं काम. इथे एक गोष्ट घोटून घ्या, कारण अर्धे गोंधळ इथेच होतात. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा; बाहेर फिरवला की मिश्रण पातळ होतं. आरएक्स 100 च्या जुन्या व्हीएम कार्ब्युरेटरला तसा आहे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर फिरवला की मिश्रण दाट होतं. क्लासिकच्या सीव्ही कार्ब्युरेटरला असा आहे, आणि त्यावर पितळेचं झाकण ठोकलेलं असतं. सक्करदऱ्याच्या मिस्त्रीनं शिकवलेली रीत अशी की, गाडी नीट तापू द्या, आयडल थोडं वाढवा, मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि सगळ्यात सलग चालतं तिथे थांबा, आणि आयडल परत खाली आणा. घट्ट बसवल्यापासून ती जागा साधारण तीन फेऱ्यांच्या पुढे आली तर पायलट जेट एक पायरी मोठा हवा. एका फेऱ्याच्या आत आली तर लहान. या गाडीला स्क्रू सव्वातीनवर गेला तरी इंजिनाला आणखी हवं होतं. म्हणजे जेट लागणारच होता, फक्त त्यानं आणलेल्या तीनपैकी एकही नाही. आणि कोणाचे जेट आहेत तेही पाहा. केइहिनचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाह सांगतो. नुसते आकडे जुळवून बदलाबदल करणं म्हणजे चपलेचा नंबर पाहून टोपी घेणं.

त्यानं विचारलं, ‘पण गाडी दहा वर्षं अशीच चालली, फटाके आत्ताच का?’ हा प्रश्न मला आवडला. सगळा दोष फिल्टर-सायलेन्सरवर ढकलून मोकळं होता येत नाही. 2014 ला पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी दोन टक्क्यांच्याही आत होतं. 2022 च्या जूनमध्ये ते दहा टक्क्यांवर आलं, 2025 मध्ये वीसवर. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन सोबत घेऊन येतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा पुरते, ई20 ला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापानं ओतत राहतो, आणि मिश्रण काहीही न बदलता आठ-नऊ टक्के पातळ होतं. त्यावर नागपूरची थंडी. मेमध्ये 45 अंश आणि जानेवारीच्या सकाळी 10 अंश, या दोन हवांच्या वजनात अकरा टक्क्यांचा फरक आहे. पेट्रोलही थोडं जास्त ओढलं जातं, त्यामुळे मिश्रणात त्याच्या निम्माच फरक उरतो, पाच-सहा टक्के. कंपनीच्या मापात थोडी ढील होती, ती ई20 नं खाल्ली, उरलेली थंडीनं. फिल्टर आणि सायलेन्सर बदलेपर्यंत गाडीकडे शिल्लक काहीच नव्हती. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर एवढा फरक स्वतःच भरून काढतो, निदान सावकाश चालवताना. पण त्यांचं पुढे.

जेट बसवल्यावर मी त्याला पीयूसी काढायला पाठवलं. तो हसला, त्याला वाटलं मी कायद्याचं बोलतोय. तसंही बोलत होतो, पण मला पावती वाचायची होती. लोक पीयूसीची चिठ्ठी डिकीत टाकतात. माझ्यासारख्याला ती थोडक्या पैशांत मिळणारी प्रयोगशाळा आहे. कार्बन मोनॉक्साइड शून्याला चिकटलेला आणि हायड्रोकार्बन मात्र फुगलेला असला की समजायचं, मिश्रण इतकं पातळ आहे की पेटायचं चुकतंय आणि पेट्रोल तसंच बाहेर पडतंय. दोन्ही फुगले असतील तर दाट. या वयाच्या चारस्ट्रोक गाडीला आयडलवर मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएमपर्यंत चालतो. तो आकडा मी शिस्त म्हणून पाळतोच, त्याआधी निदान म्हणून वाचतो. जेट बदलण्यापूर्वीची त्याची चिठ्ठी पहिल्या प्रकारची होती, नंतरची दोन्ही बाजूंनी मधोमध आली. एकच अट, सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर चिठ्ठी निम्मंच सांगते.

आणि आवाज? तो वीतभर सायलेन्सर मला मान्य नाही, हे मी तोंडावर सांगितलं. 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कंपनीतून निघताना 80 डेसिबलची मर्यादा असते, ती यानं कुठल्या कुठे मागे टाकलीय. कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. शिवाय आखूड पाइपामुळे त्याचा खालचा पिकअप खरंच गेलाय, ती त्याची तक्रार बरोबर होती. पाइपातून वायूच्या ठोक्याची लाट पाचशे मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास पळते. पाइपाची लांबी बदलली की ती परत केव्हा येते हे बदलतं, आणि ती वेळेवर आली नाही तर कमी वेगाला सिलिंडर नीट भरत नाही. बजाजनं आपल्या काही गाड्यांना बेंड पाइपवर जो फुगीर एक्झॉस्टेक डबा दिला, तो नेमका या खालच्या ओढीसाठी. डबा विद्रूप दिसतो म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. त्यावर एक पूर्ण भाग लिहायचा आहे. मूळ सायलेन्सर माळ्यावर आहे का, असं विचारलं. आहे म्हणाला. काढून ठेव म्हणालो.

गुरुवारी त्याचा फोन आला. चिंचभवनचा पूल उतरताना आता एकही फटाका नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मित्रानं विचारलं म्हणे, गाडी बिघडली का. मग जरा घुटमळून म्हणाला, ‘काका, पण साठच्या आसपास मूठ अर्धी धरली की अडखळते. आधी नव्हतं होत.’ होतं, फटाक्यांत ऐकू येत नव्हतं. अर्ध्या मुठीचं काम निडलचं. क्लिप कोणत्या खाचेत आहे ते पाहून ठेव, काढू नकोस, असं त्याला सांगितलंय.