लिओनार्दोच्या टिपणवह्या आणि त्यांच्या प्रतिकृति

इटालियन चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याचीं चित्रें जगविख्यात आहेत; परंतु त्याच्या बुद्धीचा खरा संसार त्याच्या टिपणवह्यांत सांपडतो. पाण्याचे भोंवरे, पक्ष्यांचें उड्डाण, दांत्यांचीं चक्रें, मनुष्यदेहांतील स्नायु, जें जें दिसलें वा सुचलें तें तें त्यानें कागदावर उतरविलें. तो डावखुरा असून उजवीकडून डावीकडे उलट अक्षरांत लिहीत असे. आरसा धरला म्हणजे तें लेखन सरळ दिसतें. या वह्यांपैकीं एकहि त्याच्या हयातींत छापली गेली नाहीं.

त्याच्या मागें हा ठेवा फ्रान्चेस्को मेल्झी या शिष्यानें जिवापाड जपला. पुढें मेल्झीच्या वारसांनीं त्याची हेळसांड केली. नंतर पोम्पेओ लेओनी या शिल्पकारानें पुष्कळसे कागद मिळविले खरे. पण विषयवार मांडणी करण्याच्या हौसेनें त्यानें पानें कातरलीं. यंत्रांच्या आकृति व शास्त्रीय टिपणें बहुतेक एका थोरल्या ग्रंथांत गेलीं. तो ‘कोदेक्स अटलांटिकस’ आज मिलान येथें आहे. मनुष्य, अश्व इत्यादींचीं रेखाटनें दुसऱ्या संग्रहांतून इंग्लंडांत विंडसर येथें पोंचलीं. १७९६ सालीं नेपोलियननें मिलानमधील वह्या पॅरिसला नेल्या. १८१५ मध्यें थोरला ग्रंथ परत आला, लहान वह्या तेथेंच राहिल्या.

अशा विखुरलेल्या कागदांचा अभ्यास व्हावा कसा? केवळ मजकूर छापून भागण्यासारखें नव्हतें. आकृति, तिच्या भोंवतालचें लेखन व समासांतील हिशेब मिळून त्याचा एक विचार पूर्ण होतो. ही अडचण छायाचित्रणकलेनें दूर केली. पॅरिसच्या वह्यांच्या प्रतिकृति शार्ल राव्हेसाँ-मोलिएँ यानें लिप्यंतर व फ्रेंच भाषांतरासह १८८१ ते १८९१ या काळांत सहा खंडांत प्रसिद्ध केल्या. १८९४ ते १९०४ मध्यें रोमच्या लिन्चेई अकादमीनें थोरला ग्रंथ त्याच रीतीनें प्रकाशित केला.

कार्लो पेद्रेत्ती या संशोधकानें विंडसरचे तुकडे मिलानच्या पानांतील भोंकांशीं ताडून त्यांचीं मूळ स्थानें निश्चित केलीं व १९५७ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. कात्रीनें तोडलेलें असें कागदावर पुन्हां जुळलें. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत हरवलेल्या दोन वह्या १९६५ सालीं सांपडल्या. त्यांच्याहि प्रतिकृति १९७४ मध्यें निघाल्या.

प्रतिकृतीलाहि मर्यादा आहेत. थोरल्या ग्रंथांतील कांहीं कागद चिकटविलेले असल्यामुळें त्यांची पाठ कोणासच दिसत नव्हती. जीर्णोद्धारांत ते सुटे झाल्यावर १९७३ ते १९८० मध्यें नवी आवृत्ति काढावी लागली.

तथापि तिचें खरें मोल एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. लेस्टर घराण्याच्या नांवानें ओळखली जाणारी वही १९९४ सालीं तीन कोटींहून अधिक डॉलरांस विकली गेली. पण तिची प्रतिकृति मिलान येथें १९०९ सालींच निघालेली होती. ग्राहकानें कागद विकत घेतला. त्यावरील विचार मात्र पंचाऐंशी वर्षांपूर्वींच अभ्यासकांच्या हातीं येऊन पोंचला होता.