चोखणी सोडवताना

आपल्या सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात आणि लेकरू रडलं की हात थांबतात. मग त्याच्या तोंडात चोखणी जाते. आमच्या गटातही असंच चालतं, म्हणून आम्ही कुणाला दोष देत नाही.

पण चोखणी खाली पडते, तिला तंबाखूची भुकटी लागते. आपण ती पदरानं पुसून पुन्हा देतो. त्यातून जुलाब लागू शकतात. तीन वर्षांनंतरही सवय राहिली तर वरचे दात पुढे येऊ शकतात.

सोडवायची कशी? आधी दिवसा बंद करा, फक्त झोपताना द्या. आठवड्याभरानं झोपतानाही थांबवा. तेव्हा पाठ थोपटा, गाणं म्हणा, हातात मऊ फडकं द्या. आजी, आत्या, बाबा सगळ्यांचं एकमत हवं. एकानं लपून दिली की पहिले पाढे पंचावन्न! लेकरू आजारी असेल किंवा घरात नवं बाळ आलं असेल, तर थोडं थांबा.

चोखणीला मिरची लावू नका. साखरेनं दात किडतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा. चोखणी दोऱ्यानं गळ्यात बांधू नका, फास बसू शकतो.

तीन-चार रात्री रडारड होईल, विड्याही कमी होतील. त्या दिवसांत शेजारणीनं तासभर लेकरू सांभाळावं. आज तिची अडचण, उद्या आपली.