गिथ्यांकी होऊन खेळताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलेला नवा खेळाडू पहिल्या डावाला बहुधा माणूस निवडतो, नाहीतर एल्फ. एक-दोन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या कथा, झाल्या की त्याला काहीतरी वेगळं खुणावू लागतं. पुस्तक चाळताना त्याची नजर एका काटक योद्ध्यावर थबकते. पिवळसर कातडी, चपटं नाक, टोकदार कान, हातात लांब तलवार आणि मागे लाल ड्रॅगन. तिथल्या तिथे ठरतं की पुढचं पात्र गिथ्यांकी. कॅरेक्टर शीट अर्ध्या तासात भरून होतं. पण सेशन सुरू झाल्यावर हा परक्या जगातला योद्धा तोंड उघडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा त्या खेळाडूसारखाच बोलतो. तसंच हसतो, तशाच कारणांनी चिडतो. असं का होतं आणि ते कसं टाळता येतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण डंजन मास्टर. तो जग उभं करतो आणि त्यातली बाकीची सगळी माणसं, राक्षस, दुकानदार तोच वठवतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला आणि आज जगभर चालणाऱ्या रोलप्लेइंग गेम्सचा तो मूळपुरुष ठरला.

विचित्र पात्रांचा प्रश्न या खेळाला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. १९७४च्या पहिल्या पुस्तिकांमध्ये सरळ परवानगी होती: खेळाडूला ड्रॅगन व्हायचं असेल तर होऊ द्या, मात्र सुरुवात कोवळ्या, दुबळ्या पिल्लापासून करा. पाचच वर्षांनी, १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये, त्याच गायगॅक्सनी सूर बदलला. राक्षस खेळायला मागणारे बहुतेक जण ताकदीच्या हव्यासापोटी मागतात असं त्यांनी लिहिलं आणि खेळाचं जग माणसाभोवतीच उभं असावं असा आग्रह धरला. माझ्या मते हव्यासाबद्दल ते बरोबर होते. पण त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे दारच लावून घेणं, चुकीचा होता. तो खेळाडूंनी मानलाही नाही. १९९१च्या ‘डार्क सन’ या खेळविश्वात चार हातांचे, कधीच न झोपणारे कीटकवंशी थ्री-क्रीन आले. १९९४च्या ‘प्लेनस्केप’मध्ये सैतानी अंश असलेले टीफलिंग आणि गिथ्यांकींचे भाऊबंद गिथझेराई आले. २००४मध्ये ‘एबरॉन’मधले वॉरफोर्ज्ड आले. युद्धासाठी घडवलेल्या या जिवंत यंत्रांतला एखादा अनेक लढाया पाहिलेला सैनिक असतो आणि त्याचं वय असतं दोन-तीन वर्षं.

या सगळ्यांत मला गिथ्यांकी सर्वांत कसदार वाटतात, आणि त्याचं कारण त्यांच्या इतिहासात आहे. त्यांचा जनक चार्ल्स स्ट्रॉस हा इंग्लंडमधला शाळकरी मुलगा होता. पुढे तो ह्युगो पुरस्कारविजेता विज्ञानकथालेखक झाला. त्याने हे नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९७७च्या ‘डाइंग ऑफ द लाइट’ या कादंबरीतून उचललं. ‘व्हाइट ड्वॉर्फ’ या ब्रिटिश मासिकातून गिथ्यांकी पहिल्यांदा वाचकांसमोर आले आणि १९८१मध्ये ‘फीन्ड फोलिओ’च्या मुखपृष्ठावर झळकले. तेव्हा ते फक्त शत्रू होते, मारायचे आणि पुढे जायचं. खेळाडूंच्या हाती ते रीतसर आले ते बऱ्याच काळानंतर. आजच्या पाचव्या आवृत्तीत २०१८च्या ‘मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज’ने त्यांना खेळण्याजोगा वंश केलं.

त्यांची कथा अशी. माइंड फ्लेयर नावाचे, तोंडाशी ऑक्टोपससारख्या सोंडा असलेले आणि मेंदू खाणारे जीव एके काळी असंख्य जगांवर राज्य करत होते. त्यांनी एका जमातीला पिढ्यान्‌पिढ्या गुलाम करून ठेवलं. गिथ नावाच्या स्त्रीने बंड उभारलं आणि ते साम्राज्य कोसळलं. इतर कथा इथे संपल्या असत्या, ही इथे सुरू होते. गिथला आता स्वतः जग जिंकायचं होतं. झेर्थिमोन नावाचा तिचाच एक साथी आडवा आला. त्याचं म्हणणं होतं की हे केलं तर आपल्यात आणि आपल्या धन्यांत फरक राहणार नाही. जमात दुभंगली. गिथमागे गेले ते गिथ्यांकी, झेर्थिमोनमागे गेले ते गिथझेराई. आज गिथ्यांकींवर व्लाकिथ ही मरणोत्तर जिवंत राहिलेली राणी राज्य करते. आपल्या प्रजेतला कोणी फार बलवान होऊ लागला की ती त्याला दरबारात बोलावून त्याचा आत्माच गिळते. ज्यांनी गुलामी मोडली त्यांनी स्वतःसाठी दुसरी गुलामी उभारली, आणि तिलाच ते स्वातंत्र्य म्हणतात.

खेळाडूच्या हाती हे किती मोठं भांडवल आहे बघा. तुमचं पात्र प्रत्येक पातळी चढताना राणीच्या नजरेत भरण्याच्या एक पाऊल जवळ जातं. इतरांना बक्षीस वाटणारी गोष्ट तुम्हाला धास्ती देणारी आहे. डंजन मास्टर जागा असेल तर एवढ्यावर वर्षभराचं कॅम्पेन उभं राहतं.

त्यांच्या राहण्याची जागाही तितकीच वेगळी. गिथ्यांकी अ‍ॅस्ट्रल प्लेन नावाच्या परलोकात राहतात. त्यांची राजधानी ट्यूनराथ एका मेलेल्या देवाच्या तरंगत्या प्रेतावर वसलेली आहे. तिथे काळ अंगाला लागत नाही. म्हातारपण नाही, भूक नाही, तहान नाही. पण काळच थांबलेला म्हणजे मूलही वाढणार नाही. म्हणून गिथ्यांकी आपली अंडी साध्या मर्त्य जगात आणतात आणि तिथे लपवलेल्या छावण्यांमध्ये मुलं वाढवतात. या छावणीला ते क्रेश म्हणतात. तिथे आईबाप नसतात, असतात ते शस्त्रगुरू. माइंड फ्लेयर मारून दाखवल्याशिवाय तरुणाला अ‍ॅस्ट्रल प्लेनमध्ये जागा नाही. २०२३च्या ‘बॉल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममधली लाएझेल अनेकांना माहीत असेल. तिचा सगळा ताठा या क्रेशमधून आलेला आहे.

आमच्या टेबलावर एका मैत्रिणीने अशीच, क्रेशमधून नुकतीच बाहेर पडलेली गिथ्यांकी घेतली होती. टोळी एका गावच्या खाणावळीत शिरली. डंजन मास्टर मी, त्यामुळे खाणावळीची मालकीणही मीच. मी म्हटलं, “बस गं बाई. काय खाणार? रस्सा आहे, मासे तळून देते.”

ती म्हणाली, “माझा वाटा किती?”

“वाटा कसला? पैसे टाक आणि हवं तेवढं खा.”

मैत्रीण थांबली. मग हळूच म्हणाली, “हवं तेवढं म्हणजे किती?” आणि टोळीतल्या पॅलाडिनकडे, म्हणजे शपथबद्ध योद्ध्याकडे, वळून, पाठीचा कणा ताठ करून: “आदेश द्या.”

टेबलावर कोणी हसलं नाही. पॅलाडिन खेळणारा दादा क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, “मासे खा.” तिने खाल्ले. एकही फासा पडला नव्हता, एकही शक्ती वापरली गेली नव्हती, तरी समोर कोण बसलंय ते सगळ्यांना कळलं होतं. पुढे काही सेशननंतर तिने एका बाजारात आपणहून पेरू मागितला, तेव्हा आख्ख्या टेबलाने टाळ्या वाजवल्या.

त्या मैत्रिणीने काय केलं होतं? आवाज बदलला नव्हता, विचित्र शब्द पेरले नव्हते. तिने एकच गोष्ट पक्की धरली होती: या मुलीला आजवर कोणी ‘तुला काय हवं’ असं विचारलेलंच नाही. बाकी सगळं त्यातून निघालं. परकं पात्र उभं करायचं तर ते कशाला गृहीत धरतं हे आधी ठरवावं, असं मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगतो. नियमांतूनही असे धागे सापडतात. २०२२च्या सुधारित नियमांनुसार गिथ्यांकी दर मोठ्या विश्रांतीनंतर अ‍ॅस्ट्रल प्लेनशी जोडलेल्या जिवांच्या अनुभवसाठ्यातून एक कौशल्य आणि एक हत्यार किंवा अवजार चालवण्याची जाण उसनी घेतो. बरेच जण ही ओळ वाचून बेरीज करतात आणि पुढे जातात. पण आज सकाळी तुम्हाला सुतारकाम येतंय आणि उद्या येणार नाही, तर ज्याने आयुष्य घालून सुतारकाम शिकलं त्या माणसाशी तुम्ही कसं बोलाल? त्याच्या कष्टांबद्दल तुम्हाला आदर वाटेल की कीव?

गिथझेराईंचं जग याच्या उलट आहे. ते लिंबोमध्ये राहतात. तिथे आग, पाणी, माती, वारा सतत एकमेकांत मिसळत असतात आणि मनाच्या एकाग्रतेनेच जमीन टिकते. त्यांचे मठ उभे आहेत ते तिथल्या साधकांनी ध्यान मोडलेलं नाही म्हणून. असा जीव आपल्या जगात आला की त्याला पहिला धक्का हा बसेल की इथे जमीन कोणी न सांभाळता जागेवर राहते. १९९९च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या व्हिडिओ गेममधला डॅक्कॉन हा मला या वंशाचा उत्तम नमुना वाटतो. त्याच्या तलवारीचा आकार त्याच्या मनाच्या स्थितीप्रमाणे बदलतो. आणि गुलामीचा सर्वाधिक तिटकारा असलेल्या जमातीतला हा माणूस एका शपथेमुळे मरू न शकणाऱ्या धन्याशी बांधला गेलाय.

इथे एक जुना, नाजूक मुद्दा येतो. या खेळात वर्षानुवर्षं वंशावरून ताकद आणि बुद्धी ठरत असे. अमुक वंशात जन्मलात म्हणून बळाला दोन गुण जास्त. जन्मावरून कुवत ठरवणारा नियम आपल्याकडच्या वाचकाला खटकायलाच हवा. २०२०मध्ये हे गुण हवे तिथे हलवण्याची मुभा मिळाली आणि २०२४च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ते वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे दिले गेले. काही जुन्या खेळाडूंना यात वंशांचं वेगळेपण गेल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. गिथ्यांकी क्रूर असेल तर तो क्रेशने घडवलाय म्हणून, आणि घडवलेलं बदलता येतं, म्हणून तर तो खेळावासा वाटतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. ‘पाथफाइंडर’ या भावंड-खेळाच्या २०१२च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड रेस गाइड’मध्ये वानर आणि विषकन्या हे खेळण्याजोगे वंश आहेत. तिथली विषकन्या जन्मतःच विषारी आहे. आपल्या कथांमधली विषकन्या लहानपणापासून थेंबाथेंबाने विष देऊन तयार केली जाते, आणि विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’मध्ये पर्वतकाचा बळी अशाच एका विषकन्येमुळे जातो. खेळातल्या नियमांनी तिच्यावर अन्याय करणारा माणूसच कथेतून काढून टाकला. मराठी खेळाडूने ही विषकन्या घेतली तर तो माणूस परत आणावा. तिला विष देणारा कोण होता, तो जिवंत आहे का, त्याने तिला काय सांगून वाढवलं, हे लिहून काढलं की पुस्तकात नसलेलं पात्र तयार होतं.

एक धोका मात्र खरा आहे. ‘माझं पात्र असंच वागेल’ म्हणत गिथ्यांकीच्या उद्धटपणाआडून सोबत्यांचा डाव नासवणारे खेळाडू मी पाहिलेत. पात्र कितीही परकं असलं तरी टोळीसोबत राहायला त्याच्याकडे ठोस कारण पाहिजे, आणि ते शोधणं खेळाडूचं काम आहे, डंजन मास्टरचं नाही. तसंच एका टोळीत असं एकच पात्र असावं, फार तर दोन. सगळेच परग्रहावरचे असले तर कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

तेव्हा पुढच्या कॅम्पेनला गिथ्यांकी घ्यायचा असेल तर पहिल्या सेशनआधी डंजन मास्टरला एक फोन करा. तुमचं क्रेश कुठे आहे, तिथे तुम्हाला कोणी शिकवलं आणि तुम्ही परत गेला नाहीत तर शोधायला कोण येईल, एवढं दोघांनी मिळून ठरवा. शक्तींची यादी नंतर भरली तरी चालेल.