तांब्याच्या तारेकडून काचतंतूकडे : ग्रामीण दूरध्वनीतील बदल

नागपूरच्या ईशान्येस, जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, कन्हान हे गाव त्याच नावाच्या नदीकाठी वसले आहे. येथून रामटेककडे जाणारा रेल्वेचा फाटा फुटतो. गावाच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. तथापि पारशिवनी तालुक्याच्या या भागातील पुष्कळ खेडी आजही शेतीवरच निर्भर आहेत. धान, कापूस, सोयाबीन, तूर, गहू व हरभरा ही येथील नेहमीची पिके होत. पेंच नदीचे पाणी या भागाच्या शेतीला मिळते. आणि हीच पेंच पुढे कन्हानला मिळत असल्यामुळे, वरच्या धरणांतून सोडलेले पाणी अखेर या काठच्या गावांपर्यंत येते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस याचा कठोर अनुभव आला. मध्य प्रदेशातील चौराई आणि महाराष्ट्रातील तोतलाडोह व नवेगाव खैरी या धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले, आणि पेंच व कन्हान या नद्यांना महापूर येऊन काठच्या गावांची व पिकांची फार हानी झाली. अशा प्रसंगी वीज प्रथम खंडित होते, आणि पाणी वाढत असल्याची वार्ताही नेमकी त्याच वेळी घरोघरी पोहोचावी लागते. म्हणून गावातील दूरध्वनीची पद्धत बदलत असताना तिचे कार्य व तिच्या मर्यादा शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जुन्या तारेचे कार्य

जुन्या पद्धतीत दूरध्वनी केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी येते. या जोडीतून केंद्रातील बॅटऱ्यांचा सुमारे ४८ व्होल्ट दाबाचा प्रवाह संचापर्यंत पोहोचतो. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे हा प्रवाह कमीअधिक होतो व दुसऱ्या टोकाला त्याचा पुन्हा आवाज बनतो. संचाला लागणारी वीज तारेतूनच येत असल्यामुळे घरात दिवा नसला तरी साधा दूरध्वनी चालत असे. हा त्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

खेड्यांत ही सेवा पसरविण्यास देशी यंत्रांचे मोठे साहाय्य झाले. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने धूळ व उष्णता सहन करणारे, वातानुकूलनावाचून चालणारे छोटे ग्रामीण केंद्र तयार केले. असे पहिले केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविण्यात आले.

परंतु तांब्याच्या तारेचे दोषही थोडे नाहीत. जमिनीतील सांध्यांत पावसाचे पाणी शिरले की खरखर सुरू होते. तांब्याला मोल असल्यामुळे तारांची चोरी होते. आकाशातील विजेचा आघात तारेतून घरातील संचापर्यंत येऊ शकतो. त्याच तारेवर इंटरनेट घेतल्यास अंतर वाढेल तसा वेग झपाट्याने घटतो. केंद्रापासून चारपाच किलोमीटर दूर असलेल्या वस्तीला त्याचा फारसा उपयोग होत नाही. या कारणांमुळे भारत संचार निगमसह अनेक दूरसंचार संस्था तांब्याच्या जोडण्यांऐवजी काचतंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी देत आहेत. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला.

नव्या पद्धतीचे कार्य

काचतंतू केसासारखा बारीक असतो व त्यातून विजेऐवजी प्रकाश वाहतो. केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेतील विभाजक पेटीत फुटून ३२ किंवा ६४ घरांपर्यंत जाऊ शकतो. एका कालव्यावरील चाऱ्यांतून अनेक शेतांना पाणी मिळावे, तशीच ही रचना असते. या विभाजक पेटीला वीज लागत नाही. केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरपर्यंत ही रचना काम देते.

घरातील भिंतीवर एक लहान यंत्र बसविले जाते. त्यास लोक सामान्यतः मोडेम म्हणतात. हे यंत्र आवाजाची दर सेकंदास ८,००० वेळा मोजणी करून त्याचे अंकांत रूपांतर करते. नंतर या अंकांचे लहान लहान गठ्ठे बांधून, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालून, ते रवाना केले जातात. कन्हानवरून कोळशाच्या वाघिणी व प्रवासी गाड्या एकाच रुळावरून जातात, तसे बोलणे, चित्रे व इतर माहिती यांचे गठ्ठे एकाच तंतूतून जातात. मालगाडी थांबवून प्रवासी गाडीस पुढे सोडावे, त्याप्रमाणे दूरसंचार संस्था आपल्या जाळ्यात आवाजाच्या गठ्ठ्यांना अग्रक्रम देते. त्यामुळे बोलणे तुटत नाही.

विजेचा प्रश्न

या पद्धतीत एक उणीव आहे. काचेतून वीज वाहत नाही. त्यामुळे घरातील वीज जाताच मोडेम बंद पडते आणि त्याबरोबर दूरध्वनीही मुका होतो. ब्रिटनमध्ये जुनी तारेची सेवा डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हावयाची होती. परंतु संकटसूचक यंत्रांवर अवलंबून असलेल्या वृद्ध व आजारी ग्राहकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिल्याने ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. कन्हानकाठच्या शेतकऱ्यानेही हा प्रश्न जोडणी घेण्यापूर्वीच सोडविला पाहिजे.

उपाय कठीण नाही. बहुतेक मोडेम १२ व्होल्टवर चालतात व त्यांना सुमारे १० वॉट वीज पुरते. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते, हे पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तेवढ्या क्षमतेच्या बॅटरीत ९६ वॉट-तास वीज साठते. हिशेबाने ती साडेनऊ तास पुरावी; परंतु घट धरून सहासात तासांचाच भरवसा ठेवावा. पंपाची बॅटरी मात्र मोडेमला परस्पर जोडू नये, कारण भारित बॅटरीचा दाब १२ व्होल्टपेक्षा अधिक असतो व यंत्र बिघडण्याचा संभव असतो. मोडेमसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा, अथवा घरच्या इनव्हर्टरवर जोडणी घ्यावी.

जोडणी घेताना

१. वाटेतील यंत्रे कोठे आहेत व वीज गेल्यावर ती किती तास चालतात, हे विचारून घ्यावे. घरची बॅटरी शाबूत असूनही दुसऱ्या टोकाचे यंत्र बंद पडल्यास दूरध्वनी चालणार नाही.

२. जुना क्रमांक नातेवाईक, अडते व दवाखाना यांच्याकडे नोंदलेला असतो. तो कायम राहील काय, हे अर्ज करतानाच लेखी विचारावे. नवी सेवा चालू झाल्याची खात्री पटल्यावाचून जुनी बंद करू नये.

३. बटणांचा जुना संच मोडेमच्या मागील फोनच्या खाचेत लावता येतो. तबकडी फिरवावयाचा संच बहुधा चालत नाही.

४. तंतू तीक्ष्ण कोनात वाकवू नये. त्याची घडी पडल्यास प्रकाश अडतो. बांधावरून तो नेला असल्यास नांगरट व काडीकचरा जाळणे यांपासून जपावे. तुटलेल्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये, कारण त्यातील प्रकाश डोळ्यास दिसत नसला तरी अपायकारक असतो. काचेचे बारीक तुकडे त्वचेत रुततात. तांब्याची तार पिळून जोडता येत असे. काचतंतूस मात्र सांधण्याचे खास यंत्र लागते, म्हणून दुरुस्ती जाणकाराकडूनच करवावी.

५. व्हॉट्सॲपवरील बोलणे म्हणजे दूरध्वनी सेवा नव्हे. त्यावरून ११२ हा आपत्कालीन किंवा १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लागत नाही. हे क्रमांक दूरध्वनीवरून वा साध्या मोबाइल कॉलनेच लावावे.

नव्या तंतूचा लाभही मोठा आहे. पावसाने खरखर होत नाही, विजेचा आघात काचेतून घरात येत नाही, आणि त्याच जोडणीवर बाजारभाव, हवामानाचा अंदाज व मुलांचा अभ्यास यांची सोय होते. पिकावरील कीडरोगांविषयी २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० या वेळात लावता येतो, व तेथे मराठीतून सल्ला मिळतो.

तांब्याच्या तारेबरोबर विजेची तजवीज केंद्रच करीत असे. काचतंतूबरोबर ती जबाबदारी घरधन्याकडे आली आहे. यास्तव दरवर्षी मृगापूर्वी बियाणे व औजारे तपासताना मोडेमचा मुख्य खटका बंद करून दूरध्वनी किती वेळ चालतो, हेही पाहून ठेवावे. बॅटरी दुबळी आढळल्यास ती पावसाळ्यापूर्वी बदलावी. पूर आल्यावर त्यास अवसर राहत नाही.