सात तुकड्यांचा खेळ

मागच्या महिन्यात माळा आवरताना एका डब्यात मुलाचा जुना ब्रिकगेम सापडला. तो दहावीत असताना मीच काढून घेतला होता, 'अभ्यास सोडून विटा रचत बसतो' म्हणून. नंतर त्याने मागितला नाही, मीही विसरले. सहज दोन पेन्सिल सेल घातले, तर चक्क सुरू झाला!

सासूबाई शेजारीच होत्या. सासरे गेल्यापासून त्या गप्प गप्प असतात. म्हणाल्या, ''बघू गं.'' आता यात शिकवायचं तरी काय? वरून तुकडा पडतो, तो फिरवायचा, फटीत बसवायचा. आडवी ओळ भरली की गायब. दुसरी शिकलेल्या आईंना पाच मिनिटांत जमलं. आयुष्यभर एवढ्याशा फडताळात फराळाचे डबे बसवलेत त्यांनी, त्यांना कसलं आलंय नवल!

हा खेळ मूळचा टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोत, विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो तयार केला. त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून कंसाची चिन्हं जोडून त्यांनी चौकोन केले. पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे जुळवायचं एक कोडं त्यांना आवडायचं. पण बारा फार होतात, म्हणून त्यांनी चार-चार चौकोन घेतले. आकार उरले फक्त सात! (आपल्याला साधा बरणीचा खण कमी करायचा तरी जीव जातो.) पडदा बघता बघता भरायचा, म्हणून भरलेली ओळ पुसून टाकायची युक्ती काढली. ना गोष्ट, ना राजा-राक्षस. पुढे १९८९ मध्ये गेमबॉयबरोबर तो जगभर घरोघरी गेला. हक्क मात्र सोव्हिएत सरकारकडे होते. पाजित्नोव यांना मानधन मिळू लागलं ते १९९६ पासून.

परवा रविवारी बंगलोरहून मुलाचा फोन आला. एरवी 'बरी आहेस ना आजी'च्या पुढे गाडी जात नाही. आईंनी विचारलं, ''अरे, ती लांब काठी वेळेवर येतच नाही बघ!'' मग काय, अर्धा तास! एका कडेला उभी फट मोकळी ठेव, घाई करू नकोस, असं तो सांगतोय आणि या माना डोलावताहेत.

शेवटी फोन माझ्याकडे आला. ''आई, तू तर तो फेकून दिला होतास ना?''

''नाही रे, ठेवला होता,'' म्हटलं. पुढे काय बोलावं सुचेना. तेवढ्यात आईंनीच फोन मागून घेतला. त्यांचं अजून एक विचारायचं राहिलं होतं.