अवकाशातून दिसली पेंग्विनची शी!

दोस्तांनो, राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन पाहिलेत ना? त्यांचा थोरला भाऊबंद म्हणजे अंटार्क्टिकाचा एम्परर पेंग्विन. उंची चांगली मीटरभर! आता या सगळ्या एम्परर पेंग्विनची शिरगणती करायची. कशी कराल?

आधी थंडी बघा. हे पठ्ठे ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर अंडी घालतात. तेव्हा बहुतेक वेळ अंधार आणि हाडं गोठवणारे वारे. शिवाय किनारा हजारो किलोमीटरचा, आणि बऱ्याच वसाहतींपर्यंत माणूस कधी पोचलेलाच नाही.

मग उपग्रहाला विचारू या! पण लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे बर्फावरचा 30 मीटर लांब-रुंद चौकोन. त्यात पेंग्विन कुठून दिसणार? नाहीच दिसत. दिसते ती त्यांची शी!

हसू नका, खरंच सांगतोय. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे ही संस्था आपल्या हॅली तळाच्या आसपासचे नकाशे बनवत होती. तेव्हा उपग्रहचित्रात पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक लालसर तपकिरी डाग दिसला. बरोबर तिथेच पेंग्विनची वसाहत होती! हजारो पक्षी सात-आठ महिने एकाच जागी मुक्काम ठोकतात, तर बर्फाचं काय होत असेल? मग याच संस्थेच्या पीटर फ्रेटवेल आणि फिल ट्रॅथन या शास्त्रज्ञांनी असे डाग शोधत अख्खा किनारा पिंजून काढला. 2009 साली त्यांनी 38 वसाहतींची यादी जाहीर केली. त्यातल्या 10 तोवर कुणालाच माहीत नव्हत्या!

डागावरून पत्ता कळला, पण पक्षी किती ते कसं कळणार? त्यासाठी जास्त बारीक दिसणाऱ्या उपग्रहांची चित्रं घेतली. त्यात अर्ध्या मीटरच्या आसपासची वस्तूही दिसते. पांढऱ्या कापडावर तीळ सांडावेत तसे पेंग्विन दिसू लागले. तरी गंमत अशी, की ते दाटीवाटीनं उभे राहतात, त्यांच्या सावल्या पडतात आणि मध्ये मध्ये शी असतेच. म्हणून संगणकाच्या मदतीनं बर्फ, सावली, शी आणि पेंग्विन असे चार ढीग वेगळे केले. पेंग्विननी किती जागा व्यापली ते मोजलं, काही ठिकाणी प्रत्यक्ष केलेल्या मोजणीशी ते ताडून पाहिलं आणि त्यावरून आकडा काढला. 2012 साली उत्तर आलं : 46 वसाहती, सुमारे 5 लाख 95 हजार पक्षी. आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट! एका अख्ख्या प्रजातीची अवकाशातून झालेली ही पहिली गणना.

उपग्रह वाईट बातमीही देतात. पिल्लांच्या अंगावरची मऊ लव पाण्यात टिकत नाही, म्हणून त्यांना पक्की पिसं फुटेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत पायाखालचा बर्फ टिकायलाच हवा. 2022 साली बेलिंग्सहाउझन समुद्रात तो लवकर फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींतलं एकही पिल्लू जगलं नसावं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पृथ्वी तापतेय, त्याची एवढी मोठी किंमत या पिल्लांनी मोजली. हे माझ्या मनाला फार लागतं.

आता तुमच्यासाठी एक काम. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. याच चित्रांमधून 2020 साली आणखी नव्या वसाहती सापडल्या. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या, रॉस समुद्रातलं कूलमन बेट शोधा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं बिनढगाचं चित्र निवडा आणि बेटालगतच्या बर्फावर तपकिरी डाग दिसतो का बघा. दिसला, तर आम्हाला जरूर कळवा!