मनिऑर्डरचा फॉर्म कोणत्या भाषेत?

माझ्या लहानपणी आमच्या गावात महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांचे डोळे पोस्टमनच्या वाटेकडे लागलेले असायचे. कोकणातल्या बहुतेक घरांसारखं आमचंही घर मुंबईच्या मनिऑर्डरवर चालायचं. वडील गोदीत कामाला होते. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं आणि त्यावर चार ओळी लिहिता यायच्या. आई चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे ती ते कुपन स्वतः वाचायची. शेजारच्या काकींना वाचता येत नसे. त्या कुपन घेऊन आमच्याकडे यायच्या. काकांनी काय लिहिलंय ते आधी माझ्या आईला कळायचं आणि मग काकींना. आपल्या घरची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला अजून आठवतं.

मनिऑर्डरचे ते दिवस आता गेले. पण आज ते आठवायला एक कारण आहे. अशाच एका मनिऑर्डरच्या फॉर्मवरून एका नव्या देशाच्या संविधान सभेत प्रश्न उभा राहिला होता. तो वेळीच सोडवला गेला नाही आणि तेवीस वर्षांनी त्या देशाचे दोन तुकडे झाले. तो देश पाकिस्तान.

फेब्रुवारी १९४८. देश जन्माला येऊन जेमतेम सहा महिने झालेले. कराचीत संविधान सभेची बैठक चालू होती. पूर्व बंगालमधल्या कोमिल्ल्याचे सभासद धीरेंद्रनाथ दत्त यांनी एक साधी दुरुस्ती मांडली. सभेचं कामकाज इंग्रजी आणि उर्दूत चालणार असं ठरत होतं. त्यात बंगालीही घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दाखला देताना त्यांनी खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. मुलगा ढाक्याला शिकतोय, त्याला पैसे पाठवायचे आहेत. शेतकरी पोस्टात जातो, तर मनिऑर्डरचा फॉर्म उर्दूत छापलेला. आता त्यानं तो वाचायचा कसा?

या मागणीमागे आकडेही होते. तेव्हाच्या पाकिस्तानचे दोन भाग होते आणि मध्ये भारताची सुमारे सोळाशे किलोमीटर भूमी. पूर्वेकडचा भाग आकारानं लहान, पण देशातली निम्म्याहून अधिक माणसं तिथं राहत आणि जवळजवळ सगळी बंगाली बोलत. उर्दू ही मातृभाषा असलेले लोक अख्ख्या देशात दहा टक्केही नव्हते. पश्चिमेकडेसुद्धा घराघरांत पंजाबी, सिंधी, पश्तू, बलुची बोलली जात होती. पण पंतप्रधान लियाकत अली खान यांनी दुरुस्तीला विरोध केला. पाकिस्तान हे मुसलमानांचं राष्ट्र आहे, तेव्हा त्याची भाषाही मुसलमानांची हवी आणि ती उर्दूच, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात महंमद अली जीना ढाक्याला गेले. राज्यभाषा उर्दूच राहील, दुसरी कोणतीही नाही, असं त्यांनी जाहीर सभेत बजावलं.

इथं मला माझ्या शाळेतला एक प्रसंग सांगावासा वाटतो. हायस्कुलात नाव घालायला गेलो, तेव्हा कारकुनानं माझं नाव ऐकलं आणि 'मातृभाषा' या रकान्यात न विचारताच 'उर्दू' लिहून टाकलं. मला तेव्हा उर्दूतलं एक वाक्यही धड बोलता येत नव्हतं. त्या कारकुनाच्या मनात काही वाईट नव्हतं. धर्म कळला की भाषा कळली, असा त्याचा सरळ हिशेब होता. शाळेच्या दाखल्यात ही चूक झाली तर एका मुलाचा रकाना चुकतो. पाकिस्तानात हाच हिशेब सरकारनं कोट्यवधी माणसांच्या बाबतीत केला.

त्याचा परिणाम काय झाला? जानेवारी १९५२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी ढाक्यात पुन्हा उर्दूचीच घोषणा केली. ते स्वतः ढाक्याचे, पण तिथल्या उर्दू बोलणाऱ्या नवाब घराण्यातले. ढाका विद्यापीठातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी जमावबंदीचा हुकूम मोडून निघालेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. रफीक, बरकत, जब्बार, सलाम ही त्यात बळी पडलेल्यांची नावं बंगाली शाळकरी मुलांनाही पाठ असतात. नावं ऐका. सगळे मुसलमान. मुसलमानांच्या नावानं उभ्या राहिलेल्या राज्यात, आपली भाषा मागताना ते मेले. युनेस्कोनं १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला, तो याच दिवसाच्या आठवणीसाठी.

तुम्ही म्हणाल, म्हणजे पाकिस्तान भाषेवरून फुटला. बहुतेक जण असंच सांगतात. पण इतिहास थोडा नीट पाहिला, तर यात एक अडचण दिसते. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीनं राज्यभाषेचा दर्जा मिळाला होता. भांडण केवळ भाषेचं असतं, तर ते तिथं मिटायला हवं होतं. ते का मिटलं नाही?

कारण फॉर्म कोणत्या भाषेत, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. खिडकीच्या आत बसतो कोण? सरकारी नोकरीची परीक्षा ज्या भाषेत, ती भाषा घरात बोलणारा चार पावलं पुढून निघतो. राजधानी आधी कराची, मग इस्लामाबाद, म्हणजे दोन्ही वेळा पश्चिमेकडे. लष्करातले अधिकारी आणि वरिष्ठ सनदी नोकर मोठ्या संख्येनं पंजाबी किंवा उर्दू बोलणारे. पूर्वेकडचा ताग परदेशी जाई आणि सुरुवातीच्या वर्षांत देशाचं मोठं परकीय चलन त्यावरच येई. पण त्या पैशातून कारखाने मात्र जास्त करून पश्चिमेत उभे राहत. भाषा ही सगळ्यांना दिसणारी खूण होती. तिच्याआड नोकरी, पैसा आणि राज्य चालवण्याचा हक्क होता.

दिल्लीकरांनी, मुंबईकरांनी किंवा कराचीकरांनी 'प्रांतवाद' म्हणून ज्याला नावं ठेवावीत, तो बऱ्याचदा वाट्याचा प्रश्न असतो. पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी वाटा देण्याऐवजी आकड्यांची नवी मांडणी केली. १९५४ मध्ये पूर्व बंगालच्या प्रांतिक निवडणुकीत सत्ताधारी मुस्लिम लीग अक्षरशः पुसली गेली. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, पश्चिमेकडचे पंजाब, सिंध, सरहद्द, बलुचिस्तान हे सारे भाग एकत्र करून एकच प्रांत बनवला. त्याला 'वन युनिट' म्हणत. पूर्व बंगालचं नाव झालं पूर्व पाकिस्तान. दोन प्रांत, दोघांना सारख्या जागा. ऐकायला किती समतोल! प्रत्यक्षात बहुसंख्य बंगाल्यांचं बहुमत त्यामुळे गेलं आणि सिंधी, पठाण, बलुच यांची तर प्रांत म्हणून नावंही गेली. १९५८ मध्ये लष्करी राजवट आली आणि मतपेटीचा मार्गही बंद झाला.

१९६६ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांनी लाहोरला आपला सहा कलमी कार्यक्रम मांडला. केंद्राकडे फक्त संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार असावेत, करवसुली प्रांतांनी करावी, परकीय चलनाचे हिशेब दोन्ही भागांचे वेगळे असावेत, असा त्याचा रोख होता. त्यात भाषेचं एकही कलम नव्हतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सहाही कलमं अधिकारांची आणि हिशेबाची होती. सरकारनं त्याला उत्तर दिलं ते तुरुंगानं आणि पुढे देशद्रोहाच्या खटल्यानं.

शेवटी डिसेंबर १९७० मध्ये एक माणूस एक मत या तत्त्वावर देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्या आदल्याच महिन्यात पूर्वेच्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ येऊन लाखो माणसं गेली होती आणि मदतीतल्या ढिलाईनं लोक संतापले होते. सर्वसाधारण ३०० जागांपैकी पूर्वेत १६२ होत्या. त्यांतल्या १६० मुजीब यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. पश्चिमेत तिला एकही जागा नाही. झुल्फिकार अली भुत्तो यांच्या पक्षाला पश्चिमेतल्या १३८ पैकी ८१ आणि पूर्वेत शून्य. नियमाप्रमाणे मुजीब पंतप्रधान व्हायला हवे होते. पण ३ मार्च १९७१ ला भरायचं अधिवेशन राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी दोन दिवस आधी पुढे ढकललं आणि २५ मार्चच्या रात्री लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली. काही दिवसांतच कोमिल्ल्याच्या घरातून एका वृद्ध वकिलाला मुलासह सैनिक घेऊन गेले. ते परत आले नाहीत. मनिऑर्डरच्या फॉर्मची गोष्ट सांगणारे धीरेंद्रनाथ दत्त ते हेच. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी सेनेनं ढाक्यात शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला.

गोष्ट इथं थांबवली असती, तर ती ऐकायला सोपी झाली असती. पण पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

नव्या बांगलादेशची घटना १९७२ मध्ये तयार झाली. तिच्यात लिहिलं गेलं की नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील. आग्नेय कोपऱ्यात चित्तगावचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथं चाकमा, मारमा, त्रिपुरा असे समाज राहतात. त्यांचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लार्मा सभेत उभे राहिले. मी या देशाचा नागरिक आहे, पण चाकमा आहे, बंगाली नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पाकिस्तानच्या काळात कप्ताई धरणानं त्यांच्यातल्या सुमारे एक लाख माणसांची घरंदारं पाण्याखाली घातली होती. आता नव्या देशानं त्यांचं नावही घेतलं. पुढे डोंगरात शस्त्रं निघाली आणि १९९७ चा करार होईपर्यंत दोन दशकं रक्त सांडत राहिलं.

दुसरीकडे, बिहारमधून तिकडे गेलेले उर्दू बोलणारे मुसलमान. युद्धात त्यांच्यातल्या अनेकांनी पाकिस्तानची बाजू घेतली होती. त्याची शिक्षा सगळ्यांनी भोगली. त्यांची एक अख्खी पिढी ढाक्याच्या छावण्यांत कोणत्याच देशाची नागरिक नसलेली अशी वाढली. २००८ मध्ये तिथल्या न्यायालयानं त्यांना नागरिक मानलं, तोपर्यंत ३६ वर्षं उलटून गेली होती. काल ज्या भाषेचा हुकूम चालत होता, ती बोलणारा गरीब माणूस आज ती हळू आवाजात बोलत होता.

यात उर्दूचा दोष नाही, हे मी मुद्दाम सांगतो. फैज अहमद फैज यांची मातृभाषा पंजाबी. त्यांनी उर्दूत कविता लिहिली ती प्रेमानं, कुणाच्या हुकमानं नाही.

उरलेल्या पाकिस्ताननं धडा घेतला का? थोडा घेतला, तोही उशिरा. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं केंद्राचे बरेच अधिकार प्रांतांना दिले आणि वायव्य सरहद्द प्रांताला तिथल्या लोकांच्या ओळखीचं, खैबर पख्तुनख्वा हे नाव मिळालं. पण बलुचिस्तानातली खदखद थांबलेली नाही. तिथल्या सुई गावात १९५२ मध्ये नैसर्गिक वायू सापडला. तो कराचीला काही वर्षांतच पोचला, पण खुद्द बलुचिस्तानच्या राजधानीत, क्वेट्ट्यात, यायला १९८० चं दशक उजाडलं. घरचा वायू घरच्या चुलीला सगळ्यांत शेवटी मिळाला, हे ज्यानं पाहिलंय त्याला राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण देऊन काय उपयोग?

आपल्याकडेही १९५६ ची भाषावार राज्यरचना आणि नंतर १९६० चा महाराष्ट्र हे सारं होताना, देश फुटेल अशी भीती दिल्लीत होतीच. मराठी माणसानं मुंबईसह महाराष्ट्र मागताना रक्त सांडलं. पण राज्यं झाली आणि त्यामुळे देश फुटला नाही. आपल्या भाषेत फॉर्म भरायला मिळाला, आपली माणसं खिडकीच्या आत बसली, की माणूस देशाबद्दल निश्चिंत होतो. अर्थात आपलं सगळं ठीक आहे, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. प्रत्येक राज्यात एखादा चित्तगावचा डोंगर असतोच.

तो माझ्या घरातही निघाला. दहावीच्या वेळी शाळेच्या दाखल्यातलं 'उर्दू' खोडून मी भांडून 'मराठी' लिहून घेतलं आणि मोठ्या फुशारकीनं आईला सांगितलं. आमच्या घरात बोलली जाते ती कोकणी मुसलमानांची बोली. तिच्यात मराठी आहे, अरबी-फारसी शब्द आहेत, समुद्राचं खारं वारं आहे. आईनं भाकरी थापता थापता तिच्याच बोलीत विचारलं, ''बरं झालं रे. पण आपली बोली का नाही लिहिलीस?''

मी म्हटलं, तिच्यासाठी रकाना नाही. ती काही बोलली नाही. पुढे मी मराठीत कवितेची पुस्तकं लिहिली. पण त्या बोलीत अजून एकही कविता लिहिलेली नाही. आई आता नाही. यंदा लिहायला बसणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)